राजकवीचं कडवं

फार पूर्वी, जनावरांना गाण्यांचा नाद होता त्या काळी, सिंहाच्या दरबारात बुलबुल राजकवी होता. छाव्याच्या बारशाला त्याने भारदस्त कवन रचलं. ते ऐकून छाव्याने भोकाड पसरलं. तेव्हा अस्वलदाईने त्याला मांडीवर घेऊन एक साधी अंगाई म्हटली आणि छावा गाढ झोपला. सिंहिणीचे डोळे भरून आले.

बुलबुलाच्या पोटात दुखू लागलं. त्याने विचारलं, "दाई, ही अंगाई रचली कुणी?"

"कुणास ठाऊक! आईकडून ऐकली, तिने तिच्या आईकडून."

त्याने हरणांना विचारलं, सशांना विचारलं. अंगाई सगळ्यांना येत होती, कवी कुणालाच माहीत नव्हता. ज्याला नावच नाही, त्याला हरवायचं तरी कसं? जळफळत बुलबुलाने त्या अंगाईला शोभेल असं एक कडवं रचलं आणि दाईच्या गुहेशेजारच्या जाळीत लपून ते रोज गायलं. 'एकदा सगळ्यांच्या तोंडी बसू दे, मग नाव सांगू,' असा त्याचा बेत होता.

कडवं बिळाबिळांतून, घरट्याघरट्यांतून ऐकू येऊ लागलं. एके दिवशी सिंह म्हणाला, "राजकवी, असं एखादं कडवं तुम्हाला का हो सुचत नाही?"

"महाराज, ते माझंच आहे!"

दरबार खो खो हसला. दाई समजुतीने म्हणाली, "असं काय करता, कविराज? हे तर माझी आजी म्हणायची."

त्या दिवसापासून बुलबुल स्वतःच्याच कडव्यावर जळू लागला.