सभापतींची गाडी आखाड्यात अडते

जत्रेच्या कुस्त्यांसाठी पैलवान लंगोट कसून ताटकळले होते आणि सरपंच शेवंताबाईंचा जीव टांगणीला लागला होता. सभापती धैर्यशीलरावांनी नवी ऑटोमॅटिक गाडी थेट आखाड्यात घातली, छतातून डोकं काढलं आणि तासभर भाषण झोडलं. मग ते खाली बसले, बटण दाबलं. दिवे लागले, हॉर्न वाजला, इंजिन मात्र ढिम्म.

सभापतींनी पुन्हा माईक उचलला. "कंपनीनं फसवलं! या अन्यायाविरुद्ध मी..."

शेवंताबाईंनी काचेतून वाकून पाहिलं. "चालायच्या गिअरमध्येच बंद केलीत. गिअर पार्किंगला टाका. पुरती थांबल्याशिवाय ही सुरू व्हायची नाही."

"असलं कसलं यंत्र!"

"आमच्या कुस्त्यांचंही तसंच आहे, साहेब. तुम्ही थांबल्याशिवाय त्यासुद्धा सुरू होत नाहीत."