चाफ्याची फांदी

मुरमाड माळावरच्या एका गावात हैबती नावाचा घोंगड्या विणणारा राहत होता. माणूस कष्टाळू, पण हट्टी. आपल्या अंगणात फुलझाड हवंच, असं त्याच्या मनानं घेतलं होतं. आणि अंगण कसलं, तर कुदळ मारली की ठिणगी उडावी असं. त्यानं जास्वंद लावली, ती वाळली. मोगरा लावला, तोही वाळला. शेवटी तो शेजारच्या चांगुणाआजीकडे गेला. तिच्या दारात पांढऱ्या चाफ्याचं मोठं झाड होतं, तिच्या नवऱ्यानं लावलेलं. नवरा गेल्यापासून आजी रोज त्या झाडाखाली बसायची आणि झाडाशीच दोन शब्द बोलायची.

त्या गावची एक रीत होती. चाफ्याची फांदी कुणी विकत नसे. ती मागून न्यायची, आणि कुणी मागितली तर नाही म्हणायचं नाही. आजीनं मनगटाएवढी जाड फांदी तोडून दिली. वर बजावलं, "लगेच पुरू नगंस. आठ दिस सावलीत ठेव. चीक सुकू दे, न्हाईतर कुजंल."

हैबतीनं तसंच केलं आणि फांदी जगली. पण पहिल्या हिवाळ्यात तिची सगळी पानं गळाली आणि हैबतीचं धाबं दणाणलं. तो घागरीमागून घागरी ओतू लागला. आजीनं येऊन त्याच्या हातातली घागरच काढून घेतली. "पानी पाजून मारतोस का त्येला? झोपलंय ते. झोपू दे." हैबती ओशाळला, पण झाड वाचलं.

चौथ्या वर्षी चैत्राच्या तोंडावर झाडाच्या तिन्ही फांद्यांच्या शेंड्यांवर कळ्यांचे झुबके आले. हैबती हरखून गेला. नव्या झाडाचा पहिला बहर देवीच्या पालखीचा, असा तिथला मान होता. त्या फुलांचा हार पालखीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बांधायचा. जत्रा दहा-बारा दिवसांवर आलेली. हैबती रोज कळ्या न्याहाळायचा आणि मनातल्या मनात हार ओवायचा. येणाऱ्या-जाणाऱ्याला ओढून आणून झाड दाखवायचा. "ह्या माळावर चाफा फुलवलाय मी," असं सांगताना त्याची छाती फुगायची. आजीचं नाव घ्यायचं मात्र राहून जायचं.

इकडे आजीवर निराळाच प्रसंग गुदरला होता. मागल्या पावसाळ्यात तिच्या दारात महिनाभर पाणी साचलं, चाफा मुळांपासून शेंड्यांपर्यंत कुजला आणि झाड आडवं झालं. तिनं हिवाळा कसाबसा काढला. आता फांदी लावायचे दिवस आले, तशी ती हैबतीच्या दारात येऊन उभी राहिली.

"हैबती, एक फांदी दे बाबा. माझ्या घरधन्याच्या झाडाचं एवढंच लेकरू उरलंय."

हैबतीनं झाडाकडे पाहिलं. फांद्या अवघ्या तीन. एक दिली की हार तोकडा पडणार. बरं, नाही म्हणावं तर गावची रीत मोडणार. मग त्यानं एक चलाखी केली. बुंध्याजवळ बोटाएवढा कोवळा, हिरवा फुटवा आला होता. असला फुटवा मूळ धरत नाही, कुजून जातो, हे एव्हाना त्यालाही कळत होतं. तोच तोडून त्यानं आजीच्या हातात ठेवला. रीतही पाळली आणि कळ्याही वाचल्या!

आजीनं तो फुटवा दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला. "लई उपकार झाले. तुझं झाड अंगणभर पसरू दे," असं म्हणून ती हळूहळू निघून गेली.

हैबती मागावर बसला, पण धागे सारखे तुटत होते. म्हातारीनं दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. तो आशीर्वाद काही पचेना. दुपारी पुढ्यातली भाकरीही तशीच राहिली. शेवटी तो उठला, कोयता घेतला, सगळ्यांत जाड आणि सगळ्यांत भरलेली फांदी कळ्यांसकट उतरवली आणि चिकानं माखलेल्या हातांनी आजीचं दार गाठलं.

तो हिरवा फुटवा आजीनं सावलीत धुतलेल्या फडक्यावर नीट ठेवला होता. ते पाहून हैबतीला मान वर करवेना.

"आजी, चुकलो. त्यो फुटवा धरनार न्हाई. मला ठावं व्हतं."

"मलाबी ठावं व्हतं."

"मग एवढा आशीर्वाद कशापायी दिलास?"

"कळ्यांवर कोयता चालवायला हात धजत न्हाई, हे मला ठावं हाय, लेका. तुला फांदी दिली, तवा तिलाबी कळ्या व्हत्या. त्या खुडून मग तुझ्या हातात दिली. तुला कुठं दिसलं?"

आपल्याला मिळालेल्या फांदीपायी कुणाची फुलं गेली, हे चार वर्षांत हैबतीनं एकदाही विचारलं नव्हतं. त्यानं आजीचे पाय धरले आणि मोठा माणूस रडतो तसा, आवाज न करता रडला.

आजीनं नवी फांदी भिंतीच्या सावलीला टेकवून ठेवली. चाफा मोठा चिवट. तुटलेल्या फांदीच्या पोटातही ओल असते. आठ दिवसांत तिच्यावरच्या कळ्या एकेक करून उमलल्या. जत्रेच्या सकाळी आजी ओटीभर फुलं घेऊन हैबतीकडे आली. "ही ठेवली तर फांदी मूळ धरायची न्हाई. ओव तुझ्या हारात."

पालखीला हार पुरला. एक टोक हैबतीनं बांधलं. दुसरं त्यानं आजीच्या हातात दिलं.

तात्पर्य: ज्याचे उपकार आपल्यावर आहेत, त्याला उरलंसुरलं देऊन मोकळं होऊ नये; जे देताना हात अडखळतो, तेच त्याला द्यावं.