चौथ्या मजल्यावरची सुनावणी

विजेचे दर वाढवायचे, तर आधी आयोगापुढे लोकांचं ऐकून घ्यावं लागतं. म्हणून वीजकंपनीच्या कचेरीत, थेट चौथ्या मजल्यावर सुनावणी भरली. बहुधा लोकांनी फार संख्येनं चढू नये, म्हणून.

मुख्य अभियंता राजोपाध्ये ऐटीत म्हणाले, "जिल्ह्यात चोवीस तास अखंड वीज आहे. चांगल्या सेवेला चांगला दर नको?"

पिठाच्या गिरणीवाल्या हौसाबाई तांबवे उठल्या. त्यांच्याकडे रोज दुपारी तीनला वीज जायची आणि दळण अर्ध्यात अडकायचं. तक्रार केली की कंपनीचं उत्तर ठरलेलं, "दोष तुमच्या वायरिंगमध्ये आहे."

"साहेब, मी लिफ्टनं आले. तुम्ही मात्र धापा टाकत जिन्यानं आलात. ते का?"

"व्यायाम!" साहेबांनी छाती फुगवली.

"मग चढण्याचा झाला. आता उतरताना माझ्यासोबत लिफ्टनं चला. खाली गेटवर उसाचा रस पाजते."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. तीन वाजायला दोन मिनिटं होती.

"आत्ता नको," ते घाईघाईनं म्हणाले, "चारनंतर जाऊ."

हौसाबाई आयोगाच्या अध्यक्षांकडे वळल्या. "अध्यक्षसाहेब, माझ्या वायरिंगमधला दोष रोज तीनला येतो आणि चारला जातो. साहेबांना त्याची वेळ तोंडपाठ आहे, एवढं लिहून घ्या."

अध्यक्षांनी पेन उघडलं, आणि डोक्यावरचा पंखा हळूहळू थांबला.