दगडमुखीचं पाणी

“...म्हणजे अजून काय यायचं राहिलंय मला, स्वामी?”

मल्लिनाथ हट्टाला पेटला होता. समोर बसवंतस्वामी खुरप्यानं कुंडीतली माती मोकळी करत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

मंगळवेढ्यापलीकडच्या माळावरचा त्यांचा मठ म्हणजे निवडुंगांचंच राज्य. स्वामी पूर्वी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. जगभरचे काटे त्यांनी तिथे गोळा केले होते. त्यांनी घालून दिलेली रीत एकच. झाडांना पाणी फक्त गुरूनं घालायचं. ज्या दिवशी गुरू आपली पितळी झारी शिष्याच्या हाती देईल, त्या दिवसापासून गादी शिष्याची.

मल्लिनाथला ती झारी हवी होती. आज, आत्ता.

आणि का नको? सकाळीच पुण्याहून आलेल्या एक बाई ‘एचिनोकॅक्टस’ म्हणाल्या, तेव्हा त्यानं चारचौघांत त्यांना अडवलं होतं. “एकायनोकॅक्टस, ताई. तिथं ‘च’ नाही, ‘क’.” बाईंचा चेहरा पडला. मल्लिनाथची फुगलेली छाती मात्र अजूनही खाली बसली नव्हती.

“ॲस्ट्रोफायटम?” स्वामींनी खालमानेनंच विचारलं.

“ग्रीक. ॲस्ट्रॉन म्हणजे तारा, फायटॉन म्हणजे झाड.”

“सेम्परव्हिवम?”

“लॅटिन. सदा जिवंत.”

“आणि ही?” स्वामींनी एक बसकी कुंडी पुढे सरकवली.

असला सोपा प्रश्न! मल्लिनाथला हसूच आलं. “लिथॉप्स. लिथॉस म्हणजे दगड, ऑप्स म्हणजे चेहरा. दगडमुखी.”

स्वामींचे डोळे चमकले. शिष्याचा अभिमान त्यांनाही होताच, आणि तो लपवणं त्यांना कधीच जमलं नाही.

“वा! उच्चार माझ्याहून चोख.”

मग त्यांनी शेजारची भरलेली झारी उचलली आणि त्याच्या हातात दिली. “हिला काय द्यायचं ते दे.”

मल्लिनाथच्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्यानं कुंडीत डोकावून पाहिलं. दगडमुखीची जाड पानांची जोडी सुरकुतून गेली होती, कडा पार वाळल्या होत्या. बिचारी तहानेनं मरायला टेकलीय! त्यानं झारी वाकडी केली.

पाणी पडलं ते स्वामींच्या तळहातावर. त्यांनी तो कुंडीवर आडवा धरला होता.

“स्वामी, ती सुकलीय!”

“हं...”

स्वामींनी ओला हात कफनीला पुसला. मग नखानं त्या सुकल्या पानांमधली फट हळूच रुंद केली. आत नवी जोडी होती. हिरवी, टच्च भरलेली.

“हिला पाणी कोण पाजतंय?”

मल्लिनाथला ते ठाऊक होतं. स्वामींनीच कधीतरी शिकवलं होतं. नावांच्या गर्दीत ते मागे पडलं होतं.

“जुनी पानं,” तो पुटपुटला. “आपलं सगळं पाणी नव्यांना देतात, म्हणून सुकतात. अशात वरून पाणी घातलं, तर दोन्ही कुजतात.”

“बरोबर.”

स्वामींनी झारी परत घेतली.

तोंडाशी आलेला घास गेला. मल्लिनाथचे कान तापले, पण ताठा काही उतरेना.

“चुकलो, मान्य. पण नावं येतात मला, अर्थ येतात, झाडाचा स्वभावही येतो. तुमच्याजवळचं मला कधी देणार, स्वामी? देणार तरी आहात का?”

झारी उचलून शेजारच्या कट्ट्यावर ठेवायला स्वामींना दोन्ही हात लागले. मनगटावरची रुद्राक्षाची माळ एकेकाळी घट्ट बसायची. ती आता सैल होऊन पार कोपरापर्यंत घसरली...

“अरे पोरा,” ते म्हणाले, “इतका सुकलोय, दिसत नाही तुला?”