अंबादास आणि रबरी पेशंट

एका तालुक्याच्या गावात एक भोळा डॉक्टर होता. म्हणजे डॉक्टर अजून व्हायचा होता, भोळा मात्र पुरता झालेला होता. नाव अंबादास.

कॉलेजात नवं सिम्युलेटर आलं. सिम्युलेटर म्हणजे रबरी पेशंट. त्याला कापायचं, शिवायचं, मग खऱ्या माणसाला हात लावायचा. सर्जरीचे हुद्दार सर म्हणाले, "याला खरा पेशंट समजून वागायचं."

"बरं सर."

अंबादासने रबरी पेशंटला विचारलं, "सकाळपासून काही खाल्लं नाही ना? सहीला कोण आलंय?" कोणीच आलं नव्हतं. अंबादास संध्याकाळपर्यंत नातेवाइकांची वाट बघत बसला.

सर ओरडले, "अरे शहाण्या, विचारत काय बसतोस? सरळ कामाला लागायचं!"

"बरं सर."

दुसऱ्या दिवशी वॉर्डात खाटेवर एक गृहस्थ बसले होते. अंबादासने काही न विचारता त्यांना आडवं केलं, पोटाला आयोडीन फासलं आणि सुई उचलली. गृहस्थांनी बोंब ठोकली. ते पेशंटचे व्याही होते, डबा द्यायला आलेले. आयोडीनसकट पळाले बिचारे. डबाही राहिला.

"अरे, ओरडलं की थांबायचं!" सर म्हणाले.

"बरं सर."

सिम्युलेटरवर हात चुकला की मशीन ओरडायचं. ओरडलं. अंबादास थांबला. चिमटा हातात धरून तीन तास थांबला. शेवटी शिपायाने दिवे घालवले.

सरांनी कपाळावर हात मारला. "चुकलं तर सगळं काढून पहिल्यापासून करायचं रे!"

"बरं सर."

मग एका बाईच्या करंगळीला दोन टाके घालायचे होते. दुसरा जरा तिरका गेला. अंबादासने दोन्ही काढले, पुन्हा घातले. असं अकरा वेळा. बाई म्हणाली, "डॉक्टर, बोट माझं आहे, गोधडी नाही!"

"एकदाच करायचं आणि मोकळं व्हायचं!" सर कडाडले.

"बरं सर."

अंबादासने रबरी पेशंटचं अपेंडिक्स एकदाच काढलं. इतकं सुबक, की मशीनने शंभरपैकी शंभर दिले. अपेंडिक्स कचऱ्यात टाकून तो मोकळा झाला. मागचे तीस विद्यार्थी रिकामं रबरी पोट चाचपत राहिले.

सर लालबुंद झाले. "गाढवा! काढलेलं जिथल्या तिथे परत बसवायचं! पुढच्याला लागतं!"

"बरं सर."

त्याच आठवड्यात पाहणीला समिती आली. सर फुशारले, "या मशीनवर शिकलेल्या पोराच्या हाती मी डोळे मिटून माझं पोट देईन!" समितीने टाळ्या वाजवल्या. चहा-बिस्किटं चालू असतानाच सरांच्या पोटात कळ आली. अपेंडिक्सच. बाकीचे सर्जन परगावी गेले होते, परिषदेत सिम्युलेटरचे फायदे सांगायला. उरला अंबादास. समिती कौतुकाने बघत होती. आता नाही कोण म्हणणार?

"नीट कर रे बाळा," सर कण्हले. जीव त्यांचाच होता ना.

"बरं सर."

आणि काय सांगू! सुरी सरळ चालली, रक्त बेताचं, टाके एका ओळीत. समितीने 'उत्कृष्ट' असा शेरा मारला.

सर शुद्धीवर आले. "काढलंस का रे?"

"काढलं सर. एकदाच."

सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. "शाबास पोरा! आण इकडे, समितीला दाखवू दे."

"आता कसं दाखवणार सर?" अंबादास म्हणाला. "जिथल्या तिथे परत बसवलंय. पक्के टाके घालून. पुढच्याला लागतं ना."