वाळूतला उतारा

ही गोष्ट मी गेल्या वर्षी, परीक्षेच्या आदल्या दुपारी, आमच्या ग्रंथालयातील परिचर वेणूताई खरमाळे यांच्याकडून ऐकली.

फार पूर्वी करकोच्यांचा थवा उत्तरेला निघण्याआधी त्यांचा म्होरक्या ओल्या वाळूत एक लांबलचक उतारा लिही. दरवर्षी हकीकत तीच, रस्ता चुकलेल्या एका पिलाची; खालचे पाच प्रश्न मात्र नवे. काठच्या झाडाची सावली खडकाला टेकण्याआधी जो उत्तरे देईल, त्यालाच थव्यात जागा मिळे. एक करकोची शब्द न् शब्द जीव लावून वाचत बसली. सावली टेकली, तेव्हा पिलू अजून वाटच शोधत होते. थवा उडाला आणि ती वर्षभर नदीकाठी एकटी राहिली.

"अगं शहाणे," एकदा टिटवी तिला म्हणाली, "एका किड्यासाठी मी सगळा चिखल उपसते का? आधी प्रश्न वाच, मग नेमकी तिथंच चोच घाल. अडलं, तर पुढं सरक!"

पुढच्या वर्षी तिने तसेच केले. पाचवे उत्तर दिले आणि सावली टेकली. उतारा तुडवत थवा उडाला, तीही उडाली.

ढगांपाशी तिने शेजारच्याला विचारले, "काका, ते पिलू शेवटी थव्याला सापडलं का हो?"

"प्रश्नात होतं का? मग कोण वाचतंय!"

तिने पुढच्यांना विचारले, मागच्यांना विचारले. एवढ्या पंखांच्या फडफडाटात एकानेही शेवट वाचलेला नव्हता.

पिलाचे काय झाले, हे वेणूताईंनाही ठाऊक नव्हते. म्होरक्याने शेवट लिहिला तरी होता का, याची खात्री मला आजवर करता आलेली नाही.