लांडग्याच्या गळ्यातली खुरांची माळ

“पानी सुदिक देऊ नगा त्याला!” म्हनं. आरं येशा, तू कोन सांगनार? चावडीवर जाऊन वरड. हितं चूल माजी हाय.

गेला तुमचा चुलता पाय आपटत. जाऊ दे. पोरीनू, जवळ सरका. त्या भुरट्या सिद्यानं आपलं कोकरू चोरून खाल्लं, खरं हाय. मलाबी राग हाय, लई हाय. पर त्यो गोठ्यात तापानं फनफनून पडलाय. माजी आजी आसती तर येशाला लांडग्याची गोष्ट ऐकवली आसती. मेंढरांभवती वाघर, मंजी जाळी लावली की तिच्याकडंला आमाला घोंगडीत घेऊन बसायची. भिजल्या लोकरीचा वास यायचा. आता कुटंच येत न्हाई त्यो वास.

तर एक व्हती धनगरीन, ठकाई. तिच्या वाघरीत एकदा लांडगा गावला. पायात बाभळीचा काटा. ठकाईला आली दया. काटा काढला. लांडगा म्हनला, “बिरोबाची आन, तुज्या कोकराकडं बघनार न्हाई.” सोडला. मग काय! दुसऱ्या दिशी कोकरू गायब.

मग परत गावला. मानसं काट्या घिऊन आली. ठकाई म्हनली, “मारू नगा. वाजत आला की कळंल.” आनि म्होरक्या बोकडाच्या गळ्यातली घाटी, मंजी घंटा, काढून लांडग्याच्या गळ्यात बांदली. आता मेंढराची जात कशी, बरं का, घाटी वाजंल तिकडं मान खाली घालून चालायची! लांडगा म्होरं, कळप मागं! वड्याच्या पल्याड दोन कोकरं खाल्ली त्यानं. हसू नगं तानी. ठकाई रडत व्हती.

मग उन्हाळा आला. रानात काय न्हाई. लांडगा तिसऱ्यांदा गावला, नुसता बरगड्यांचा सापळा. “मार आता,” म्हनला. ठकाईनं कुऱ्हाड उचलली. उचलली आनि ठिवली. खाल्लेल्या कोकरांची खुरं तिनं रानातनं येचून आनली, लोकरीच्या दोरीत ववली, त्याच्या गळ्यात घातली. आनि नवल बगा, दोरीची गाट दिसंनाशीच झाली. लांडगा हालला की खुरं बोलायची, “आला! आला! आला!” कुत्री उटायची, मेंढ्या पिल्लं पोटाखाली घ्यायच्या.

मग ठकाई वाघरीभायेर रोज ताकभाकरी ठिवायची. लांडगा खायचा आनि म्हनायचा, “माय, आता तरी माळ काड.”

“भाकरी हाय तवर खा,” ठकाई म्हनायची. “माळ न्हाई निघायची.”

“त्याला थंडी वाजायची का, आबा?”

वाजायची की. म्हातारा झाला तवा तिनं जुनी घोंगडी टाकली त्याच्या आंगावर. वाघरीच्या भायेर, बरं का. आत न्हाई. तितंच मेला बिचारा, पोटभर खाऊन. परत एक कोकरू गेलं न्हाई. मेंढरं वाढली, ठकाई सुकात ऱ्हायली, आनि आजी आमाला थापटायची.

तुमी झोपा गं बारक्यांनू. तानी, तू थोरली, तू उट. ती भाकरी घे, दूद घे, सिद्याला दिऊन ये. माजी घोंगडीबी ने. आनि येताना कोकरांच्या खोपटाला कुलूप घाल. किल्ली माज्याकडं आन. जा.